नलूची मलायाची मेजवानी

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

दुपारी नलू आली. धाकटी जाऊ असून बसली मात्र माईंच्या पलंगावर, पाय वर घेऊन. सासूबाईंनी एक शब्द काढला नाही. सतरा वर्षांत मी त्या पलंगाच्या कडेला टेकले असेन ती फक्त त्यांचे गुडघे चोळायला.

बातमी अशी की रविवार, ८ डिसेंबरला दादरच्या त्यांच्या जागेत पार्टी. जेवण म्हणत नाही, पार्टी म्हणते. पिनांगला रस्त्यावर हातगाड्यांवर जे जे मिळतं ते सगळं घरात मांडणार. एका टेबलावर एक पदार्थ, माणसांनी उभ्याने फिरत खायचं. "आणि कॉकटेल्स," हे मला एकटीला, हळूच. दारूबंदीच्या मुंबईत!

माई कौतुकाने हसल्या. गेल्याच महिन्यात शुभाने शाळेच्या दारात चिंचा खाल्ल्या तर ह्याच माईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. आता सून पाहुण्यांना रस्त्यावरचं खायला घालणार तर हसू.

मी विचारलं, मी काय काय करू? बारशापासून तेराव्यापर्यंत ह्या घरातला एक स्वयंपाक माझ्या हाताशिवाय झालेला नाही. नलू म्हणाली, "छे हो वहिनी, तुम्ही दगदग नका करू. फक्त नारळ तेवढे खवून द्या. तुमच्यासारखं बारीक कुणी खवत नाही."

नारळ.


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

शुभा उठल्यापासून काकू-काकू. काकूने केस खांद्यापर्यंत कापलेत, मी कापू? काकू म्हणते जेवणाबरोबर पाणी पिऊ नये. काकूला चिनी बायकांसारखं काड्यांनी जेवता येतं. चौदा वर्षांची घोडी, गणपतीला काकूने आणलेलं ते रंगीत लुंगीसारखं सारोंग कमरेला गुंडाळून गॅलरीत उभी. समोरच्या चाळीतून सगळे बघताहेत.

मलाही एक दिलं होतं, तपकिरी. माझ्यासाठी तपकिरीच सापडलं का तिला? ट्रंकेत तळाशी आहे.

हे मात्र स्वस्थ. शाळेच्या वह्या तपासत म्हणतात, "बिचारी सात वर्षं परक्या मुलखात राहून आली. तिचं तिला करू दे की."

बिचारी! दादरला वाऱ्याची दोन खोल्यांची जागा, स्वतंत्र मोरी, सासू नाही.


रविवार, १७ नोव्हेंबर

दादरला जेवायला. आधी करून बघते म्हणाली, म्हणून आम्हा चौघांना बोलावलं.

लिहायचं तर खरं लिहावं. उत्तम झालं होतं.

कोंबडीचे बोटाएवढे तुकडे, त्याला गवती चहा, हळद, धणे वाटून लावलेलं. नारळाच्या हिरांत ओवले, ज्या हिरांचे आपण खराटे करतो त्याच. गॅलरीत शेगडीवर भाजायचे आणि भाजताना गवती चहाच्या जुडीने तेल शिंपडायचं. ह्याचं नाव साते. बरोबर दाण्याच्या कुटाची आंबटगोड तिखट आमटी. आपण दाण्याचा कूट उपासाला वापरतो, ही कोंबडीला लावते.

माई सात काड्या जेवल्या. मोजल्या मी. काड्या ताटात रांगेने ठेवत होत्या, लहान मुलीसारख्या. आणि मग म्हणाल्या, "नलूच्या हाताला चव आहे हो."

मी तेव्हा पाणी वाढत होते. तांब्या खाली ठेवला नाही, वाढत राहिले.

शेवटी एक गोड होतं, नारळाच्या दुधात गूळ आणि तांदळाच्या हिरव्या शेवया, वर बर्फ. मी म्हटलं, "हे तर आपले शिरवाळेच. आमच्या माहेरी मालवणकडे करतात." कुणी ऐकलंच नाही. बर्फाचं कौतुक चाललं होतं. म. भाऊजी म्हणजे मनोहर, ह्यांचे धाकटे भाऊ. तेवढेच म्हणाले, "हो का वहिनी?" आणि उठून गॅलरीत गेले. हल्ली कसल्या तरी विचारात असतात. रजेवर आलेल्या माणसाने किती आळसावावं!

ह्यांनीही बोटं चाटली. ट्राममध्ये म्हणतात, "मलायात ऑगस्टातच स्वतःचं निशाण लागलं. आणि आम्ही अजून आमचीच मुंबई आम्हाला द्या म्हणून ओरडतोय." म्हणजे डोक्यात मलायाच.

माझ्या सोड्याच्या खिचडीला 'बरी झालीय' याच्यापुढे माई कधी गेल्या नाहीत.


मंगळवार, १९ नोव्हेंबर

सगळे बाहेर गेल्यावर साते करून बघितले. हीर पेटले. दाण्याची आमटी फुटली, तेल वेगळं नि कूट वेगळा. गवती चहा नीट वाटलाच जात नाही, दातात दोरे येतात. तिने काय केलं होतं?

विचारणार नाही.

शुभा लवकर घरी आली. एक चाखला नि म्हणाली, "काकूसारखं नाही गं झालं." उरलेलं शेजारणीच्या मांजराला. तेही हुंगून गेलं.


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नलूबरोबर वरळीच्या कोळीवाड्यात. तिला सोडे आणि सुका जवळा हवा होता. त्याची ती लाल मिरच्यांबरोबर वाटून चटणी करते, सांबाल म्हणते. सोडे वाटायचे! एक-एक सोडा निवडून, भिजवून, अख्खा शिजवायचा असतो.

मी अकरा वर्षं ज्या कोळणीकडून घेते तिच्याकडे नेलं. मला वाटलं माझी ओळख म्हणून देईल चांगले. तिने नलूकडे बघितलं, केसांकडे बघितलं आणि आतला डबा काढला. "ही कोन गो बाय? शिनेमातली हाय का?" नलू हसत तिच्या ओट्यावर जाऊन बसली, वाळत घातलेल्या बोंबलांत. दोघी पाच मिनिटांत मैत्रिणी. तो आतला डबा मी अकरा वर्षांत बघितला नव्हता.

परत येताना बसस्टॉपवर तिने मला सांगितलं ते इथे लिहून ठेवते. भाऊजींना प्रकृतीच्या कारणावरून दारूचं परमिट आहे, पण ते त्यांच्या एकट्यापुरतं. पार्टीला पुरणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला पाजली तर गुन्हा. म्हणून भाऊजींचा जहाजावरचा एक मित्र जिनच्या तीन बाटल्या आणून देणार आहे. त्यात अननसाचा रस, लिंबू, चेरीचं सरबत घालून गुलाबी पेय करायचं. "कुणाला बोलू नका हं वहिनी. तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. दादांना तर मुळीच नको."

ह्यांना दारूचा तिटकारा. भाऊजींनी परमिट काढलं तेव्हा दोन आठवडे ह्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

एवढं विश्वासाने सांगितलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. मी विचार करत होते, तिच्या पायांना सोड्यांचा वास कसा येत नाही.


रविवार, २४ नोव्हेंबर

माईंनी जेवताना जाहीर केलं. पार्टी झाली की त्या दादरलाच राहणार. "महिनाभर तरी. तिच्याकडे हवा आहे. इथे नुसता ट्रामचा खडखडाट."

हे म्हणाले, "जरूर जा माई. हिलाही जरा विश्रांती."

मला विश्रांती नको आहे हे कुणी विचारलं? सतरा वर्षं रोज दोनदा गुडघ्यांना तेल. टायफॉइडमध्ये महिनाभर माईंची उष्टी-खरकटी मी काढली, नलू तेव्हा समुद्रापलीकडून रंगीत चित्रांची कार्डं धाडत होती. ती कार्डं अजून माईंच्या उशीखाली आहेत.




सोमवार, २५ नोव्हेंबर

कार्ड टाकलं. पोलिसांना. डाव्या हाताने लिहिलं. पत्ता, रविवार, संध्याकाळी सहा, जहाजावरच्या तीन बाटल्या, परमिट नसलेल्यांना दारू. सही नाही. 'एक नागरिक' एवढंच.

घरापासून लांब, ठाकुरद्वारच्या पुढच्या पेटीत टाकलं. पेटीचं झाकण वाजलं तेवढंच.


मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज हात भराभर चालले. आमटी छान झाली. चार वेळा उगीच गाणं गुणगुणले. शुभाने विचारलं, "आई, काय झालंय तुला?"

पार्टीला हे येणार नाहीत, त्या संध्याकाळी ह्यांची संयुक्त महाराष्ट्राची सभा आहे. मी डोकं दुखतंय म्हणून राहीन, शुभाला ठेवून घेईन. माईंना काय करायचं ते बघू. नलूची फजिती होईल, एवढंच. दोन शिपाई येतील, बाटल्या उचलतील, पाहुणे पांगतील. टेबलांवर पदार्थ तसेच राहतील.


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

हे म्हणाले, सभेला दुसरा कुणी जाईल, मी पार्टीला येतो. माईंनी गळ घातली. "दोघे भाऊ एका पंगतीला बसलेले मला बघायचेत, मी आता किती दिवसांची."

मी म्हटलं, "सभा महत्त्वाची नाही का?"

"तूच असं म्हणतेस? गेल्या वर्षी सभेला जातो म्हणून तू दार अडवून उभी होतीस."

खरं आहे. गेल्या वर्षीच्या लाठीमारापासून ह्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्यावर लिहिताना डाव्या हाताने उजवा कोपर उचलून धरतात. पोलिसांच्या वहीत नाव आहे. दारूच्या घरात सापडलेला मास्तर, त्यातून हा मास्तर. शाळा ठेवील का?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.


शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळी म. भाऊजी एकटेच आले. चहा ठेवला. माई देवळात गेलेल्या. ह्यांच्यासमोर खाली बघत बोलले, मी दारात उभी होते.

रजा-बिजा काही नाही. पिनांगची नोकरी गेली. तिकडे आता तिथल्याच माणसांना घ्यायचं असं कंपनीने ठरवलं. जुलैत कळलं, तेव्हापासून लपवलं. इथे चार ठिकाणी अर्ज केले, नकार आला. आता एक पारशी साहेब आहेत. तरुणपणी दहा वर्षं पिनांगला होते. त्यांच्या कचेरीत जागा आहे, पण दोघातिघांतून निवडायचंय. बोलता बोलता साहेब म्हणाले, तिथल्या गाड्यांवरचं ते साते, तो नारळाचा भात, तसं पुन्हा आयुष्यात मिळालं नाही. नलूने ते ऐकलं आणि पार्टी काढली.

"दादा, तिने रेसिपी लिहून काढायला रात्रीचा दिवस केलाय. सगळं त्या एका संध्याकाळवर लावलंय. माईंना नको सांगू."

ह्यांनी उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. डावा.

मी आत येऊन दुधाचं पातेलं उतरवलं. दूध नव्हतंच त्यात, पाणी होतं.

पाच दिवस झाले कार्ड टाकून.


सोमवार, २ डिसेंबर

दादरला गेले. तिला म्हटलं, "दारू ठेवू नकोस. नारळपाणी दे, कोकमचं सरबत दे. मी करून देते."

नलू मिरच्या निवडत होती. म्हणाली, "साहेबांना तिथल्या हॉटेलातलं ते गुलाबी पेय आठवतं हो. चवीबरोबर आठवण यायला हवी ना."

"कुणी चुगली केली तर?"

"कोण करणार? माहीत कुणाला आहे?"

ती माझ्याकडे बघत होती, अगदी सरळ. पापण्या केवढ्या आहेत तिच्या! मी घरी आले.


गुरुवार, ५ डिसेंबर

उपास. पुन्हा गेले. पुन्हा तेच म्हटलं. ह्या वेळी नलूने हातातलं टाकलं. "वहिनी, तुम्हाला माझं काहीच आवडत नाही का हो? मी आल्यापासून बघते. केस आवडत नाहीत, सारोंग तुम्ही एकदाही नेसला नाहीत, स्वयंपाकाला नावं ठेवता. मला सासरी दुसरं कोण आहे? आई नाही, बहीण नाही."

सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात शेजारीण वाटी मागायला आली.

येताना जिन्यात थांबले. पायरीवर बसले पाच मिनिटं.


सोमवार, ९ डिसेंबर

काल झालं ते. क्रमाने लिहिते.

पाचलाच पोचलो. नलूने दोन्ही खोल्यांत भिंतीला लागून टेबलं मांडली होती, एकावर भात, एकावर सांबाल, एकावर गोड. गॅलरीत शेगडी. केळीच्या पानांचे द्रोण. कागदी कंदील, शुभाने आणि तिने मिळून केलेले. शुभा काकूच्या मागेमागे, काकूसारखेच मोकळे केस, काकूचाच ब्लाउज. मी मोरीपाशी पाटावर विळी घेऊन. अकरा नारळ.

पाहुणे पंधरा-सोळा. साहेब उंच, पांढरे, काठी टेकत आलेले, बरोबर त्यांच्या बाई. दारातच नाक वर केलं. "आय माय, आ तो पिनांगच!" गॅलरीत शेगडीपाशी गेले ते हललेच नाहीत. पहिली काडी खाल्ली आणि चष्मा काढून पुसला. नलूला म्हणाले, "पोरी, तिथे एक म्हातारा होता, देवळाच्या बाजूला गाडी लावायचा. असाच धूर." नलू त्यांच्याशी तिथल्या भाषेत दोन वाक्यं बोलली, ते तिसरं बोलले, दोघं हसले. काय सुंदर दिसत होती! गवती चहाची जुडी हातात, कपाळाला घाम, आणि सगळं घर तिच्याकडे तोंड करून. मला वाटलं, एवढं माझ्या वाट्याला एकदा, एका संध्याकाळपुरतं तरी यायला हवं होतं.

माई खुर्चीत राणीसारख्या. हे आणि भाऊजी भिंतीला टेकून एकाच द्रोणात खाताहेत. ग्लासांत ते गुलाबी. ह्यांना भाऊजींनी सांगितलं, सरबत. ह्यांनी सरबत म्हणूनच नको म्हटलं, गोड चालत नाही म्हणाले.

साडेसहाला मी नारळाचा चव द्यायला गॅलरीत गेले आणि खाली बघितलं. फाटकातून पोलिसांच्या दोन पिवळ्या टोप्या आत आल्या. निळे सदरे, हातात काठ्या. जिन्याकडे वळल्या.

त्यानंतर मी विचार केला नाही. स्वयंपाकघरात आले, दोन बाटल्या भरलेल्या, एक अर्धी, तिन्ही मोरीत उलट्या केल्या. पातेलंभर गुलाबी करून ठेवलेलं, तेही. वरून दोन बादल्या पाणी. मग बाहेर आले. ग्लास गोळा करायला लागले. "काय झालं वहिनी?" "अहो काय करताय?" मी कुणाचं ऐकलं नाही. साहेबांच्या हातातला ग्लास घेतला. घेतला म्हणजे ओढला. त्यांच्या कोटावर सांडलं. तो ग्लासही मोरीत.

आणि मग मी दाराकडे तोंड करून उभी राहिले.

कुणी आलं नाही.

खालून बायकांचा हसण्याचा आवाज आला, पाळण्याच्या दोरीचा कुरकुर आवाज. तळमजल्यावर बारसं होतं. नायगावच्या पोलीस लाइनीतला बाळाचा मामा ड्यूटीवरून तसाच आला होता, दोस्ताला घेऊन.

सगळे माझ्याकडे बघत होते. जिनचा वास मोरीतून घरभर.

नलू म्हणाली, "वहिनी, एवढं?"

बाकी काही नाही. एवढंच. आणि आत गेली, शहाळी आणली, स्वतः कोयत्याने फोडायला लागली. साहेबांच्या बाई तिच्या मदतीला गेल्या. पुन्हा सगळं सुरू झालं, पण कुजबुजत. साहेब कोट पुसत मला म्हणाले, "बाई, एवढा राग बिचाऱ्या जिनवर?" लोक हसले. मी पण हसले असेन.

माईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवं असेल. कानात म्हणाल्या, "जळतेस गं तू. मला माहीत होतं, पण इतकं?"

रात्री त्या दादरलाच राहिल्या. शुभा माझ्याशी बोललेली नाही.


मंगळवार, १० डिसेंबर

हे खूष. शाळेत सगळ्यांना सांगितलं म्हणे. "सुमतीने भर पार्टीत दारू ओतली. अशी हिंमत पाहिजे." दोन मास्तर अभिनंदन करायला घरी आले, मी त्यांना पोहे केले. एकाने 'मातृशक्ती' असं काहीतरी म्हटलं. मी पोह्यांवर नारळ घालायला विसरले, की घातलाच नाही.

भाऊजींच्या नोकरीचं मी ह्यांना विचारलं. ह्यांचा चेहरा उतरला. "ते वाईट झालं. पण तत्त्व म्हणून चूक नाही."

तत्त्व!


शनिवार, १४ डिसेंबर

शुभा दादरला जाऊन आली. शाळेच्या वेण्या घातल्या आज तिने, काकूसारखे मोकळे केस नाहीत. नुसतं म्हणाली, "काकांना नोकरी मिळाली. परळच्या कचेरीत. एक तारखेपासून."

मी भिंतीला टेकले. देवापुढे साखर ठेवली. खरंच मनापासून ठेवली.

मग शुभा म्हणाली, साहेबांच्या बाईंनी काकूला दर शनिवारी घरी बोलावलंय. त्यांच्या मैत्रिणींना स्वयंपाक शिकवायला. मोटार धाडणार.

मोटार. साखरेची वाटी तिथेच होती, आणि तेवढ्यात पुन्हा आत काहीतरी टोचलं. किती वेळ गेला असेल मध्ये? दोन मिनिटंसुद्धा नाही.


बुधवार, १८ डिसेंबर

नलू आली. एकटी. मी दार उघडलं आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

काल संध्याकाळी पोलीस त्यांच्याकडे आले होते. एक सबइन्स्पेक्टर, दोन शिपाई. कार्ड दाखवलं. बंदोबस्तात अडकल्याने तपासाला उशीर झाला म्हणाला. कपाटं, पलंगाखाली, पाण्याची टाकी, सगळं बघितलं. परमिटची एक बाटली मिळाली, ती कायदेशीर. लिहून घेऊन गेले. जहाजावरच्या बाटल्यांतलं काही उरलं असतं तर भाऊजींना नेलं असतं.

"तुम्ही वाचवलंत वहिनी. मला आत्ता कळलं. तुम्ही दोनदा सांगायला आलात, मी ऐकलं नाही. तुम्हाला माहीत होतं कार्ड गेलंय ते. म्हणून तुम्ही वेड्यासारख्या धावलात. आणि इतके दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलंत. माईंचंसुद्धा."

मी तिला पाटावर बसवलं.

"कुणी लिहिलं तेही कळलं मला. अक्षर वाकडं केलंय, पण शुद्धलेखन! एक वेलांटी चुकलेली नाही. मास्तराचंच." तिचे डोळे भरले. "मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही दादांना सांगितलंत. साहजिक आहे, नवरा-बायकोत लपत नाही. तुमच्यावर राग नाही. पण दादांनी सख्ख्या भावाला? आणि वर शाळाभर तुमच्या हिमतीच्या गोष्टी सांगत फिरतात? हे म्हणाले, आता दादाचं तोंड बघणार नाही."

हे म्हणजे म. भाऊजी.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ती माझ्या गळ्यात पडून रडत होती. सात वर्षांनी आलेल्या माणसाने अशी मिठी मला एकदाही मारली नव्हती. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता, साधाच, माझ्यासारखाच. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. फिरवत राहिले.

ती गेल्यावर लक्षात आलं, मी काहीच बोलले नव्हते.


शुक्रवार, २० डिसेंबर

माईंचा निरोप, शुभाबरोबर. "मोठीला म्हणावं, मी बोलले ते मनावर घेऊ नको. तिने घराण्याची अब्रू राखली." सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी तो शुभाकडून दोनदा म्हणवून घेतला.


रविवार, २२ डिसेंबर

हे परवा दादरला गेले होते. भाऊजींनी दार उघडलं नाही, आतून सांगितलं, झोपलोय. काल परळच्या नाक्यावर दोघे समोरासमोर आले, तर भाऊजी रस्ता ओलांडून गेले. घरी येऊन हे नुसते बसून राहिले. वह्यांचा गठ्ठा समोर, एक उघडलेली नाही.

"सुमती, मी काय केलं गं? तुला काही बोलली का नलू?"

मी म्हटलं, "नाही."

आज सकाळी म्हणाले, "मी जाऊन दारातच बसतो. काय असेल ते तोंडावर बोलू दे." आता दाढी करताहेत. उजवा हात उचलत नाही, म्हणून आरसा खाली ठेवून, मान वाकडी करून.

मी म्हटलं, "थांबा. मीही येते."

त्यांनी आरशातून बघितलं. "तू? बरं झालं. तुझ्याशी तरी बोलतात ते."

साडी बदलली. शुभाला दाराला आतून कडी लावायला सांगितलं. चारची ट्राम. दादर यायला पाऊण तास लागतो. अजून ह्यांना काही सांगितलेलं नाही.